खुन्याला टोपणनाव, मेलेल्यांना नुसता आकडा

आज जरा चिडूनच लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

रोज सकाळी फोनवर येणारा तो तीन पदरी मजकूर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना येतच असेल. वर 'इतिहासातला गुन्हा', मध्ये 'आजचा विचार', खाली 'घरगुती युक्ती'. आजचा गुन्हा होता लंडनच्या व्हाइटचॅपलचा, १८८८ सालचा. जॅक द रिपर. पाच वेश्यांचे खून, मारेकरी शेवटपर्यंत सापडला नाही, तुम्हाला कोण वाटतो ते कळवा, आणि पुढे सुरीचं चित्र. त्याला लागूनच क्षमेची महती सांगणारा सुविचार. आणि त्याच्या खाली, कांदा चिरताना तोंडात पाण्याचा घोट धरून ठेवा म्हणजे डोळ्यांत पाणी येणार नाही.

हे सगळं दोन मिनिटांत वाचून आपण दिवसाला लागायचं!

माझी आत्या हा मजकूर रोज मोठ्याने वाचते. नजर कमी झालीय, त्यामुळे अक्षरं मोठी करून, एकेक ओळ सरकवत. आज गुन्ह्याचं वाचून झालं आणि ती सुविचारावर गेलीच नाही. मला म्हणाली, "अगं, ह्या बायकांची नावं कुठेयत?" मी फोन घेऊन वरखाली पाहिलं. नव्हती. खुन्याला टोपणनाव आहे, आणि त्या पाच जणींना फक्त एक आकडा आणि एक शब्द. त्या शब्दाबद्दलही अभ्यासकांत वाद आहे. त्यातल्या काही जणी तो व्यवसाय करत होत्या याला धड पुरावा नाही म्हणतात. पण मजकूर लिहिणाऱ्याला त्याचं काय?

मग मीच शोधून आत्याला वाचून दाखवलं. मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज, मेरी जेन केली. मेरी ॲन ४३ वर्षांची होती. ३१ ऑगस्टच्या त्या रात्री निवाऱ्यातल्या खाटेचे चार पेन्स तिच्याकडे नव्हते म्हणून तिला बाहेर काढलं. जाताना ती म्हणाली, पैसे आत्ता मिळवून आणते, बघा माझी टोपी किती छान आहे. टोपी नवी होती. आठवड्याभराने ॲनी चॅपमन गेली, तिचीही तीच गत, खाटेपुरते पैसे नाहीत. नवरा वारल्यावर त्याच्याकडून येणारे पैसे थांबले होते आणि ती विणकाम करून, फुलं विकून दिवस काढत होती. एलिझाबेथ मूळची स्वीडनची.

आत्याने मध्येच विचारलं, "त्या टोपीवालीला मुलं होती का गं?" होती. पाच.

मला कुणीतरी सांगेलच की हा इतिहास आहे, सव्वाशे वर्षं उलटून गेली, आता कुणाला दुखणार? अहो, पण मग खुन्याबद्दलची हौस कशी नाही जुनी होत? त्याच्या नावाने लोक अजून तर्क लढवतात, आणि निवाऱ्याच्या दारातून हाकलल्या गेलेल्या बाईची चौकशी करायला माझ्या आत्याला पुढे यावं लागतं. खून झाला तो खाटेच्या पैशांपाशी. रात्री डोक्यावर छप्पर असतं तर यातल्या निदान दोघी त्या अंधाऱ्या गल्ल्यांत नसत्या, असं मला ठामपणे वाटतं. हे तीन ओळींत सांगता येतं. मी वर सांगितलंच की.

बरं, गुन्ह्यांचा इतिहास वाचूच नये असं माझं म्हणणं नाही, तेवढं मान्य करते. १८९२ साली अर्जेंटिनात एका आईने आपल्याच दोन मुलांना मारून आळ शेजाऱ्यावर घातला होता. दारावर उमटलेल्या रक्ताळलेल्या बोटाच्या ठशाने ती पकडली गेली आणि तो शेजारी सुटला. ठशांवरून खुनी सापडल्याची ही अगदी सुरुवातीची घटना. पुढे १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय निघालं आणि तिथल्या अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी बसवायला मोठा हातभार लावला. हे लिहा ना रोज! आत्या आवडीने वाचेल.

सुविचाराचं तर मला वाईटच वाटतं. मार्कस ऑरेलियस हा रोमचा सम्राट, युद्धाच्या छावणीत बसून, साथीच्या काळात, फक्त स्वतःसाठी टिपणं काढत होता. त्यातली एखादी ओळ उचलून खून आणि कांदा यांच्या मध्ये कोंबली की तिचं काय उरतं? आणि आजची क्षमेची ओळ तर त्या पाच जणींच्या लगेच खाली! कुणी कुणाला क्षमा करायची? आत्या ती ओळ न वाचताच पुढे गेली, आणि मला ते योग्यच वाटलं.

युक्त्यांवर माझा तेवढा राग नाही. कांद्यातून निघणारा वायू डोळ्यांना झोंबतो, तोंडातल्या पाण्याशी त्याचा काही संबंध नाही, पण घोट धरल्याने कुणाचं नुकसानही होत नाही. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फेस येतो आणि दोघंही एकमेकांना मारून टाकतात, करू द्या. पण मागे याच मजकुरात 'दुप्पट स्वच्छतेसाठी' ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र ओतायला सांगितलं होतं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच. बंद न्हाणीघरात, वाकून फरशी घासणाऱ्या बाईच्या नाकातोंडात! ही गंमत नाहीये, कुणाचा तरी जीव जाईल.

तर असा मजकूर लिहिणारं कुणी माझ्या यादीत असेल तर सरळ सांगते. खून सांगायचा असेल तर मेलेल्या माणसाचं नाव पहिल्या ओळीत घाला. सुरीचं चित्र काढून टाका. सुविचार दुसऱ्या दिवशी, एकटा पाठवा. ब्लीचची दुरुस्ती उद्याच्या उद्या, मोठ्या अक्षरांत पाठवा, कारण माझ्या आत्यासारखी माणसं तुमचा शब्दन् शब्द खरा मानतात. बाकीच्या युक्त्या चालू ठेवा, त्या तिला हव्या असतात.