मामांच्या मेसेजमधली 'काळी फलटण'

माझे मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मोबाइलवर त्यांना फार वेळ वाचवत नाही, म्हणून आवडलेल्या मेसेजची ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणतात. परवा त्यांनी माझ्यासमोर चार पानं ठेवली. लाल पेनाने अधोरेखित केलेली, समासात दोनदा 'महत्त्वाचे!' मथळा होता: 'अमेरिकेने दडपलेला इतिहास'. मेसेज सांगतो की अमेरिकन यादवीत (१८६१ ते १८६५) दक्षिणेकडची राज्यं, म्हणजे कॉन्फेडरसी, गुलामगिरीसाठी लढलीच नाहीत, ती लढली राज्यांच्या हक्कांसाठी. सेनापती रॉबर्ट ली गुलामगिरीच्या विरोधात होता. हजारो कृष्णवर्णीय सैनिक दक्षिणेकडून स्वखुशीने लढले. आणि राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस, ली आणि बाकीचे सेनानी एकदिलाने झुंजले, केवळ संख्याबळापुढे हरले. वर लीला 'अमेरिकेचा बाजीराव' ही पदवी.

मला हे तीन ग्रुपांवर आलं होतं आणि तिन्ही वेळा मी सोडून दिलं होतं. पण मामा येत्या गुरुवारी ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर यावर बोलणार आहेत. आता गप्प बसवत नाही.

आधी तो फोटो. दुसऱ्या पानावर गणवेशातल्या कृष्णवर्णीय सैनिकांची रांग आहे, खाली लिहिलंय 'दक्षिणेची काळी फलटण, १८६१'. मूळ फोटो १८६४ च्या सुमाराचा, फिलाडेल्फियाचा, म्हणजे उत्तरेच्या सैन्यातल्या तुकडीचा. मूळ फोटोत डाव्या कडेला उत्तरेचा एक गोरा अधिकारी उभा आहे. कोणीतरी त्याला कात्री लावली, खाली नवी ओळ चिकटवली आणि फलटण रातोरात शत्रूच्या छावणीत गेली. मामांनी नेमक्या याच फोटोभोवती लाल चौकट केली आहे.

फोटो सोडा, त्या काळचे दक्षिणेचे कागद बघा. युद्धाच्या ऐन मध्यात, डिसेंबर १८६२ मध्ये, डेव्हिसने जाहीरनामा काढला: शस्त्रासह पकडलेल्या गुलामांना त्या त्या राज्याच्या हवाली करा. १ मे १८६३ ला त्यांच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, ठराव केला की कृष्णवर्णीय सैनिकांचं नेतृत्व करणारा गोरा अधिकारी हाती लागला तर त्याला देहदंड देता येईल. पुढच्याच महिन्यात लीचं सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरलं आणि चेंबर्सबर्गच्या आसपास कृष्णवर्णीय माणसं, बायका आणि पोरं हाकून दक्षिणेकडे धाडली. त्यांत स्वतंत्र म्हणून जन्मलेलेही होते. ही स्वखुशी?

दक्षिणेच्या छावण्यांत कृष्णवर्णीय होते, हे खरं. खंदक खणायला, गाड्या हाकायला, घोडे सांभाळायला, मालकाचा स्वयंपाक करायला. याला आपल्याकडे वेठ म्हणतात, फलटण नाही. जानेवारी १८६४ मध्ये जनरल पॅट्रिक क्लेबर्न या त्यांच्याच शूर सेनानीने सुचवलं की माणसं संपत आली आहेत, गुलामांना मुक्तीचं वचन देऊन सैन्यात घेऊ. डेव्हिसने तो कागद दाबून टाकायचा हुकूम दिला. वर्षभराने विषय पुन्हा निघाला तेव्हा जॉर्जियाचा हॉवेल कॉब युद्धमंत्र्याला लिहितो: गुलाम चांगले सैनिक होऊ शकत असतील, तर आपला गुलामगिरीचा सगळा सिद्धान्तच चुकीचा आहे. हजारोंची फलटण आधीच लढत असती तर हा वाद कशाला झाला असता? गुलामांना सैन्यात घ्यायचा कायदा झाला १३ मार्च १८६५ ला. लीने शरणागती पत्करली ९ एप्रिलला. हिशेब मामाच करोत, ते बँकेत होते.

राज्यांच्या हक्कांबद्दल फार लिहायची गरज नाही, दक्षिणेची राज्यघटनाच पुरेशी आहे. गुलामांवरच्या मालकी हक्काला बाध आणणारा कायदा काँग्रेसला करता येणार नाही, असं त्यात शब्दशः आहे. शिवाय कुठल्याही राज्यात गुलाम सोबत घेऊन फिरायचा नागरिकांना हक्क, राज्याला नको असलं तरी. उपराष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये सव्हाना इथल्या भाषणात म्हणाला होता की आमच्या सरकारची कोनशिलाच ही आहे की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही. आणि राज्यांच्या हक्कांचे हे कैवारी सक्तीची लष्करभरती उत्तरेच्या वर्षभर आधी, एप्रिल १८६२ मध्येच आणून बसले. त्यातून वीस गुलामांच्या मळ्यामागे एका गोऱ्याला सूट. १८६३ च्या वसंतात शेतकऱ्यांच्या पिकाचा दहावा हिस्साही सरकारने उचलायला सुरुवात केली. जॉर्जियाचा गव्हर्नर ब्राउन डेव्हिसच्या नावाने बोटं मोडत होता ती उगाच नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केली. युद्ध कशासाठी होतं ते पुण्यात बसलेल्या माणसाला कळलं होतं.

लीचं मात्र थोडं कबूल करावं लागेल. १८५६ मध्ये बायकोला लिहिलेल्या पत्रात त्याने गुलामगिरीला नैतिक आणि राजकीय अनिष्ट म्हटलं आहे. मेसेज तिथेच थांबतो. पत्र पुढे म्हणतं की हे अनिष्ट काळ्यांपेक्षा गोऱ्यांनाच जास्त बाधतं आणि काळ्यांना ही शिस्त त्यांच्या भल्यासाठी लागतेच. डिसेंबर १८६२ मध्ये त्याने गुलाम मुक्त केले, तेही खरं. पण ते सासऱ्याच्या मृत्युपत्रातल्या पाच वर्षांच्या अटीमुळे, आणि ती मुदत वाढवून मिळावी म्हणून तो आधी कोर्टात जाऊन आला होता. त्याच गुलामांपैकी वेस्ली नॉरिस मुक्तीआधी पळाला आणि पकडला गेला. पन्नास फटके आणि वर पाठीवर मिठाचं पाणी, अशी त्याची १८६६ ची जबानी आहे.

एकदिलाची गोष्ट वाचून तर हसूच आलं. ऑक्टोबर १८६३. चिकामॉगाची लढाई जिंकूनही जनरल ब्रॅगच्या हाताखालचे सेनानी त्याला हटवा म्हणून अर्ज करतात. डेव्हिस राजधानी रिचमंडहून स्वतः येतो, सगळ्यांना एका खोलीत बसवतो आणि ब्रॅगच्या तोंडावर एकेकाला विचारतो, हा राहावा का? जनरल लाँगस्ट्रीट म्हणतो, नको. बाकीचेही तेच म्हणतात. ब्रॅग तिथेच बसलेला. आणि एवढं करून डेव्हिस ब्रॅगलाच ठेवतो! नोव्हेंबरमध्ये चॅटनूगाला सैन्याची दाणादाण उडाली. त्याआधी व्हिक्सबर्गलाही तेच. डेव्हिस सांगतो शहर सोडू नको, वरिष्ठ जनरल जोसेफ जॉन्स्टन सांगतो सैन्य वाचव, मधल्यामध्ये शहर राखणारा जनरल पेम्बर्टन अडकला आणि ४ जुलैला सुमारे तीस हजार माणसांसह शरण गेला.

संख्याबळ कमी होतं, हे मान्य. मे १८६३ मध्ये चान्सलर्सव्हिलला लीने दुपटीहून मोठ्या सैन्याला हरवलं, तेही मान्य. पण त्यात त्याची तेरा हजारांच्या आसपास माणसं कामी आली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली, आणि त्याचा सेनानी स्टोनवॉल जॅक्सनला अंधारात त्याच्याच सैनिकांच्या गोळ्या लागल्या. दोन महिन्यांनी गेटिसबर्गला लाँगस्ट्रीट नको नको म्हणत असताना लीने सुमारे साडेबारा हजार माणसं उघड्या माळावरून, समोर तोफा रोखलेल्या असताना, सरळ चालत पाठवली. निम्म्याहून जास्त मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. ऑगस्टमध्ये त्याने स्वतःच राजीनामा देऊ केला. पालखेडला निजामाशी समोरासमोर न भिडता त्याची रसद तोडून त्याला तहाला बसवणारा बाजीराव कुठे, आणि हा कुठे!

हे सगळं मामांना फोनवर तासभर सांगितलं. राज्यघटना, जाहीरनामे, कॉबचं पत्र, सगळं. ते फक्त हं, हं करत होते. पालखेडपर्यंत आलो तेव्हा एकदम म्हणाले, "अरे, मग हे आधी नाही का सांगायचं?"