मॉलमधली बाकडी कुणी उचलली?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट मोठी होणार. कंटाळा आला तर सरळ पुढे सरका.

दुपारी अण्णांना घेऊन इथल्याच, नाशिकच्या एका मॉलमध्ये गेले होते. नाव घेत नाही. चष्म्याची काडी बदलायची होती, दुकानदार म्हणाला अर्धा तास लागेल. अण्णांचे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत. म्हटलं, तोवर खाली बाकड्यावर बसा. तर बाकडी गायब! त्या जागी मोबाइल कव्हरचा स्टॉल आणि पैसे टाकले की पाठ रगडणाऱ्या दोन काळ्या खुर्च्या. अण्णा त्यातल्या एकीवर जरा टेकले, तर सिक्युरिटीचा पोरगा हजर. "काका, मशीन चालू करायचं नसेल तर उठावं लागेल. बसायचं तर वर फूड कोर्टला जा, पण तिथे काहीतरी घ्यावं लागतं." अण्णा काही न बोलता उठले. ते भांडले असते तर मला एवढं लागलं नसतं.

अहो, याच बाकड्यांवर त्यांची अख्खी गँग बसायची! सगळे सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून रिटायर झालेले. उन्हाळ्यात सिडकोतल्या स्लॅबखाली दुपारी जीव भाजून निघतो, म्हणून जेवण झालं की मंडळी मॉलला. खरेदी शून्य. पेपर घरचा, पाण्याची बाटली घरची. एकदा कुणाच्या तरी नातवाचे दहावीचे पेढे डब्यातून आणले होते. बाहेरचं खायला बंदी, आणि तेवढ्यात सिक्युरिटीचे मामा तरातरा चालत आले. डबा पेपरखाली! मामांनी हात पुढे केला. "अर्धाच द्या. शुगर आहे." अण्णा हा किस्सा अजून सांगतात, आणि दर वेळी मामांच्या मिशा थोड्या वाढतात.

आता म्हणाल, मॉल म्हणजे काय धर्मशाळा आहे का? नाही. एसीचं बिल कुणीतरी भरतंच, मान्य.

पण ज्या माणसाने मॉल जन्माला घातला त्याचं ऐका. व्हिक्टर ग्रुएन, व्हिएन्नाचा ज्यू आर्किटेक्ट. 1938 मध्ये नाझींमुळे अमेरिकेत पळाला. तिथल्या उपनगरांत माणसं नुसती गाडीतून फिरतात, भेटत कुठेच नाहीत, हे बघून त्याने 1956 मध्ये मिनियापोलिसजवळ साउथडेल उभारलं. पूर्ण बंदिस्त आणि बाराही महिने एकाच तापमानाचा असा तो पहिला मॉल. मधोमध मोठा चौक, झाडं, पक्ष्यांचा पिंजरा. त्याच्या डोक्यात व्हिएन्नाचे चौक होते. आजूबाजूला घरं, शाळा, दवाखाना, बाग असं सगळं त्याला हवं होतं. बांधलं काय गेलं? दुकानं आणि पार्किंग. म्हातारपणी व्हिएन्नाला परतला तर त्याच्याच शहराच्या वेशीवर भलंमोठं शॉपिंग सेंटर उभं राहिलं. या असल्या मॉलचं पितृत्व मला चिकटवू नका, असं तो शेवटी जाहीरपणे सांगत होता.

आपल्याकडे तर पायाच निराळा. 1999 मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स उघडला, तेव्हा गर्दी आवरायला सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्यालाच फुकट आत सोडत होते. म्हणजे माणूस कोण, हे आधी खिसा बघून ठरणार! नाशिकला मॉल आले तेव्हा मला वाटलं होतं, आपल्या गावात असलं चालणार नाही. आपण गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात वाढलेली माणसं. तिथे काही न घेता तासभर फिरलं तरी भाजीवाली मावशी हाकलत नाही, उलट टोमणा मारून चार गाजरं गळ्यात घालते.

बरं, मेनरोडच्या जुन्या बाजारपेठेचे गोडवेही मी गाणार नाही. तिथे ऐन दिवाळीत बाईमाणसाला स्वच्छतागृह लागलं तर काय हाल होतात, हे पुरुषांनी मला शिकवू नये. मॉलने ती सोय केली, त्यासाठी सौ गुन्हे माफ. पण नव्याण्णव झालेत, एवढं लक्षात असू द्या.

त्या पोरावर मात्र राग नाही. निघताना बघितलं, तो भिंतीला एक पाय लावून उभा होता, बुटाची टाच पूर्ण झिजलेली. त्यालाही खुर्ची नाही. मामांच्या वेळी दारापाशी निदान एक प्लास्टिकचं स्टूल तरी असायचं, पेढा खायला ते तिथेच जाऊन बसले होते. आता कॅमेरे आहेत. आज या पोराला कुणी पेढा दिला, तरी घ्यायची हिंमत व्हायची नाही त्याची.

बाकडं उचलायचं कुठल्यातरी केबिनमध्ये ठरलं असणार. तेवढ्या जागेचं भाडं किती येईल याचा हिशोब झाला असेल. चार म्हातारे बसतात, हे त्या हिशोबात नुकसान म्हणून लिहिलं असेल. अरे, त्या म्हाताऱ्यांची पोरं, सुना, नातवंडं दर रविवारी तुमच्याकडेच पैसे ओततात की रे!

सोमवारी मॅनेजरला लेखी पत्र देणार आहे. सह्या करायला कोण येतंय ते सांगा. आणि "गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर जाऊन बसा ना" अशी कमेंट करणाऱ्यांनी आधी मे महिन्यात दुपारी दोनला तिथे बसून दाखवावं.