स्टेंटनंतरही घास अडकतो, तेव्हा

तुमचा आक्षेप असा: अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये स्टेंट (अरुंद झालेली अन्ननलिका उघडी ठेवणारी जाळीची नळी) घालूनही पेशंटची छाती दुखत राहिली, तिसऱ्या आठवड्यात घास अडकून पुन्हा दुर्बीण करावी लागली, मग आधीच्या लेखात स्टेंटची एवढी भलामण कशाला, नाकातली नळी काय वाईट?

छातीदुखीबद्दल लेखात काहीच नव्हतं, ही चूक मान्य. स्टेंटची निटिनॉल या मिश्रधातूची जाळी पूर्ण उघडायला एक ते तीन दिवस घेते आणि तेवढा वेळ गाठीला रेटत राहते. म्हणून वेदनाशामक पहिल्या दिवसापासून ठरल्या वेळी द्यायचं, कळ येण्याची वाट बघायची नाही.

घास अडकण्याचं कारण वेगळं. एरवी अन्ननलिका आकुंचन पावून घास खाली ढकलते. जाळीचा भाग मात्र ताठ, साधारण १८ ते २३ मिलिमीटर रुंद. तिथून अन्न स्वतःच्या वजनानं उतरतं. म्हणून ताठ बसून, बारीक चावून खायचं, मधूनमधून पाणी प्यायचं. ब्रेड, रेषाळ मांस, सालीसकट फळं टाळायची. घरी जाताना हे कागदावर लिहून मिळायलाच हवं, आणि बऱ्याचदा मिळत नाही. घास अडकला तर कोमट पाणी घोटघोट प्यावं. लाळही उतरेना, तर रुग्णालय गाठावं. वरून आणखी घास ढकलू नये.

तिसऱ्या आठवड्यातल्या दुर्बिणीचा रिपोर्ट मात्र नीट वाचा. अडकलेलं अन्न काढलं, की स्टेंट सरकला होता, की गाठ वाढली होती? उघड्या जाळीतून गाठ आत शिरते; पूर्ण आवरण असलेला स्टेंट सरकतो. दोन्ही टोकांना उघडी जाळी आणि मध्ये आवरण, ही त्यातली तडजोड.

नाकातल्या नळीनं पोषण होतं, पण लाळ गिळता येत नाही, आणि तीच श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. श्वासनलिकेपर्यंत भोक पडलं असेल तर ते बुजवायला आवरणाचा स्टेंटच लागतो. मात्र बरं करण्याच्या उद्देशानं उपचार चालू असतील, तर पोषणाची नळी बरी, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. आयुष्य काही महिन्यांहून जास्त अपेक्षित असेल तर अन्ननलिकेच्या आतून दिलेल्या रेडिएशनचाही विचार व्हावा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात स्टेंटनं आराम लवकर पडला, पण अशा रेडिएशनच्या १२ ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनचं माप) एकाच डोसचा आराम जास्त टिकला.

स्टेंट जठराच्या तोंडापलीकडे गेला असेल तर आम्ल वर येतं: आम्लरोधक गोळी रोज, आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच. अचानक तीव्र कळ, ताप, रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली, तर त्याच दिवशी दाखवा.