पासिंगचे दिवस बुडतात? बुडू द्या की!

लातूर, बीड, नांदेडकडच्या टेम्पो, रिक्षा आणि स्कूल व्हॅनवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या पासिंगबद्दल, म्हणजे व्यावसायिक गाडीच्या आरटीओतल्या फिटनेस तपासणीबद्दल, एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘मालक-चालक बंधूंनो, पासिंगची तारीख संपायच्या आधी गाडी आरटीओत नेऊ नका. जितके दिवस आधी जाल तितके बुडतात. त्यातून नापास झाली तर चालू सर्टिफिकेटही जागेवर रद्द होतं. तारीख संपल्यावर महिनाभर सवलत असते आणि रोजचा पन्नासचा दंडही सरकारनं बंद केलाय. तेव्हा घाई करू नका, निवांत जा.’ खाली जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त गटांत पाठवा’.

चारपाच गाड्यांचे कागद सांभाळणं हेच माझं काम, त्यामुळे हा मेसेज मला दिवसाआड कोणी ना कोणी पाठवतं आणि खाली विचारतं, ‘खरं हाय का हो?’ प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

दिवस बुडतात, हा मुद्दा मी क्षणभर शंभर टक्के खरा धरतो. आता हिशोब करा. वर्षाच्या पासिंगला फी, एजंट, रेडियम आणि किरकोळ दुरुस्ती मिळून तीन हजार गेले असं समजू. दिवसाला पडले सव्वाआठ रुपये. पंधरा दिवस आधी गेलात तर सव्वाशे रुपयांच्या आत नुकसान. गाडी आठ वर्षांच्या आतली असेल तर पासिंग एकदम दोन वर्षांचं मिळतं, म्हणजे हाच आकडा निम्म्यावर येतो. आठ वर्षं झाली की मग दरवर्षी. एवढ्या पैशासाठी आपण काय पणाला लावतोय ते खाली येईलच.

एका गटात कुणीतरी याला उत्तर म्हणून ‘महिनाभर आधी केलं तरी जुनीच तारीख धरतात’ असा नियम टाकला होता. तो नियम खरा आहे, पण ब्रिटनचा. तिथं वार्षिक तपासणी मुदतीच्या आधी एक महिना वजा एक दिवस एवढ्या काळात केली, तर पुढच्या वर्षाची तारीख जुनीच राहते. तिथं तीन वर्षं झालेल्या घरच्या कारलाही दरवर्षी ही तपासणी लागते. आपल्याकडं कायदा वेगळा, तेव्हा तो स्क्रीनशॉट नांदेडच्या खिडकीवर दाखवू नका.

आता नापास होण्याची भीती. मेसेजमधली लोकांना खरी लागलेली गोष्ट हीच आहे, आणि त्यात अर्धं सत्य आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ मध्ये पोटकलम ४ आहे. गाडी नियमात बसत नाही अशी खात्री झाली तर अधिकाऱ्याला कारण लेखी नोंदवून फिटनेस कधीही रद्द करता येतं, आणि नवं मिळेपर्यंत नोंदणी व परमिट निलंबित धरलं जातं. पण त्यातला ‘कधीही’ नीट वाचा. हा अधिकार तुम्ही आधी पासिंगला गेलात म्हणून उगवत नाही. उद्या मांजरसुंब्याच्या घाटात गाडी अडवली आणि ब्रेकच लागत नाहीत असं दिसलं, तरी तोच अधिकार आहे. ज्याची गाडी खरोखर धोक्याची आहे त्यानं तारखेची वाट बघत ती रस्त्यावर पळवावी, असा सल्ला मेसेज लिहिणारा देतोय, हे त्याच्या तरी लक्षात आलंय का कोण जाणे.

आणि बहुतेक गाड्या नापास कशावर होतात? चासी मोडली म्हणून नाही. एक हेडलाइट आभाळाकडं बघत असतो. मागचा इंडिकेटर लागत नाही. हँडब्रेक ओढला तरी गाडी उतारावर सरकते. वायपरचं रबर उन्हानं फाटलेलं असतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात रबर टिकतं कुठं! रेडियम पुढं पांढरं, बाजूला पिवळं आणि मागं लाल लागतं; लोक जे रंगाचं हाताला लागेल ते चिकटवून येतात.

मागं एकदा एका ओळखीच्या टेम्पोबरोबर गेलो होतो. निरीक्षकानं ब्रेक दाबायला सांगितले, गाडी डावीकडं ओढली. दोन्ही चाकांचे ब्रेक सारखे धरत नव्हते. ड्रायव्हरला हे रोज जाणवत होतं, तो स्टिअरिंग उजवीकडं दाबून चालवायची सवय लावून बसला होता. काम तसं साधं, चाक उघडून लायनर बदलायचे आणि ब्रेक ॲडजस्ट करायचे. पण मिस्त्री लग्नाला गेलेला आणि पुढची अपॉइंटमेंट थेट पुढच्या आठवड्यातली. मुदत शिल्लक होती म्हणून घाई नव्हती. गाडी गॅरेजला लावली, ब्रेक करून घेतले आणि दुसऱ्या खेपेला पास. हेच तारीख संपल्यावर झालं असतं तर तो सगळा आठवडा टेम्पो दारात उभा राहिला असता आणि रोजचं भाडं गेलं असतं. म्हणजे आधी जाण्याचा खरा फायदा पास होण्यासाठी नाही, तर नापास व्हायला वेळ मिळावा म्हणून आहे.

(आरटीओच्या बाहेर रेडियम, प्रथमोपचार पेटी आणि आग विझवायचा सिलिंडर भाड्यानं देणारे असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकच लाल सिलिंडर सकाळपासून किती गाड्यांतून फिरतो ते विचारू नका. त्यानं पासिंग होईल, गाडी पेटली तर काय, हा प्रश्न वेगळा.)

‘तारीख संपल्यावर महिनाभर सवलत’ हे कुठून आलं, ते मला वाटतं सांगता येईल. पूर्वी ड्रायव्हिंग लायसन्स संपल्यावर ते तीस दिवस चालू धरायची तरतूद कायद्यातच होती. २०१९ च्या दुरुस्तीत ती काढून टाकली. ती लायसन्सची होती, गाडीच्या फिटनेसची कधीच नव्हती. मग आला कोरोना. मार्च २०२० पासून केंद्रानं फिटनेस, परमिट, लायसन्स या सगळ्यांची मुदत पुन्हा पुन्हा वाढवून दिली, शेवटची मुदत ३१ ऑक्टोबर २०२१. त्यानंतर ती सवलत संपली. लोकांच्या डोक्यात मात्र दोन्ही गोष्टी मिसळून ‘एक महिना चालतंय’ एवढंच उरलं.

कायदा काय म्हणतो? फिटनेस नसेल तर व्यावसायिक गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. म्हणजे तारखेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही विनानोंदणी गाडी चालवताय. त्याला कलम १९२ लागतं. पहिल्या वेळी दोन ते पाच हजार दंड. पुन्हा सापडलात तर पाच ते दहा हजार, किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर सव्वाशे रुपये वाचवायला निघालो होतो, ते इथं आठवून बघा. आणि ‘साहेब, पासिंगलाच चाललोय’ म्हटल्यावर रस्त्यावरचा अधिकारी सोडून देईलच याची हमी नाही.

पन्नास रुपयांबद्दल मेसेज पुरता खोटा नाही. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रानं फिटनेसला उशीर झाल्यास रोज पन्नास रुपये जादा शुल्क लावलं. प्रकरण कोर्टात गेलं. २०२४ मध्ये आपल्याकडं वसुली सुरू झाल्यावर रिक्षा-टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले आणि राज्य सरकारनं वसुलीला स्थगिती दिली. पण स्थगिती म्हणजे रद्द नव्हे, हे कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. शिवाय हे उशिराचं शुल्क होतं. कलम १९२ चा दंड त्याच्यापेक्षा निराळा, त्याला कुणी हात लावलेला नाही.

विम्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महाग प्रकरण तेच. तारीख संपलेली असताना अपघात झाला की विमा कंपनीच्या हातात आयतं कोलीत मिळतं. गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. समोरच्या जखमी माणसाच्या भरपाईत ट्रिब्युनल (अपघाताच्या दाव्यांचं न्यायाधिकरण) अनेकदा असा हुकूम देतं की कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. ती वसुली शेतावर येऊ शकते. निकाल प्रकरणागणिक वेगळे लागतात, पण तोवर तारखा करत फिरणारा मालकच असतो.

किती आधी जायचं? तीन महिने आधी जाऊन काही मिळत नाही, तेवढे दिवस उगाच कशाला घालवायचे. तीनेक आठवडे पुरतात. पण हंगाम बघा. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, म्हणून मेअखेरीला स्कूल व्हॅनची झुंबड उडते. दसऱ्याच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात, त्याआधी उसाचे ट्रक रांगेत असतात. या दोन्ही वेळांना आणखी पंधरा दिवस मागं सरका. अर्जाआधी विमा, कर आणि पीयूसी चालू आहे का ते बघून घ्या, कारण मागची तारीख कशाचीही असली की काम तिथंच अडतं. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी. तिची तारीख मिळेपर्यंतही दिवस जातात.

राहिली घरची कार आणि मोटारसायकल. हा मेसेज आता त्यांच्या मालकांच्या गटांतही गेलाय आणि लोक उगाच घाबरलेत. खासगी गाडीला दरवर्षी पासिंग नसतं. पंधरा वर्षांची नोंदणी संपली की तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, आणि तिथं ‘आधी’ला नियमातच मर्यादा घातली आहे: फॉर्म २५ चा अर्ज मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत करायचा, त्याहून लवकर नाही. आरसी बुक काढा, मुदतीची तारीख बघा आणि त्यातून दोन महिने वजा करा.