डिप्परवरून पेटलेला कट्टा

विषय तसा मंद्यानेच काढला. वडिलांची जुनी गाडी आता तो चालवतो, घरचे सगळे त्यातच बसून हिंडतात, आणि रात्री म्हणे रस्ताच दिसत नाही. अप्पर म्हणजे लांबचा झोत मारला तर जरा बरं, पण समोरून कोणी आलं की डिप्पर, म्हणजे जवळचा झोत, आणि परत अंधार. तर साहेबांनी हेडलाइटला एलईडी बल्ब टाकायचे ठरवून टाकले होते, कट्ट्यावर फक्त कळवायला आले होते. इथे कोणी नुसतं कळवून निघून जात नाही हे त्याला अजून कळलेलं नाही.

"खोक्यावर वीस हजार ल्युमेन लिहिलंय," मंद्या म्हणाला. ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप.

सई हसलीच. ती इलेक्ट्रिकलवाली, तिच्यासमोर आकडे फेकायचे म्हणजे धाडसच. म्हणाली, "अरे तुझ्या गाडीत एच४ आहे ना, तो डिप्पर-अप्पर एकाच बल्बमध्ये असलेला? स्टँडर्ड एच४ चा डिप्पर साधारण १००० ल्युमेन आणि अप्पर १६५०, तेही बल्बला १३.२ व्होल्ट मिळाले तर. तेवढ्यावर जगभर लोक रात्री गाड्या चालवत आलेत. तुला वीस हजार कशाला हवेत, विमान उतरवायचंय का?"

"मग मला का दिसत नाही?"

"हा प्रश्न आधी विचारायचा होता ना, खरेदी नंतर."

बंड्या तेवढ्यात मध्ये घुसला. बंड्याचं सगळ्यावर एकच औषध असतं, मोठा वॅट. "एलईडी बिलईडी सोड, सरळ १००/९० वॅटचे टाक. मी जुन्या गाडीला टाकले होते, भगभगीत उजेड, कसला लोड नाही काही नाही."

"आणि होल्डर?" नानांनी विचारलं.

बंड्या गप्प. मग म्हणाला, "होल्डर एकदा बदलावा लागला."

"वितळला म्हण की!"

आता नाना म्हणजे आयुष्यभर गाड्या चालवलेला माणूस, बोनेटखालचं सगळं स्वतःच्या हाताने केलेलं, त्यांना सगळे अहो-जाहो करतात आणि तरी भांडतात. पण या वेळी सईने त्यांचा मुद्दा उचलून हिशोबच मांडला. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो, १०० वॅटचा सव्वाआठच्या वर. वायर तीच, कपलर (बल्बला मागून लागणारा प्लग) तोच, स्विच तोच. करंट एवढा वाढला की वायरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटला रिलेच (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसतो, पूर्ण करंट स्टिअरिंगजवळच्या दांडीतल्या स्विचमधून जातो, त्यामुळे तिथले पॉइंट जळायला लागतात. वर बल्बची जास्तीची उष्णता रिफ्लेक्टरला (बल्बमागच्या आरशाला), त्याचा चकचकीत थर करपला की तो काही पुसून परत येत नाही. आणि गंमत म्हणजे करंट वाढला की वायरमधला व्होल्टेज ड्रॉपही (वाटेत हरवणारे व्होल्ट) त्याच प्रमाणात वाढतो, म्हणजे पैसे भरलेत १०० वॅटचे आणि त्यातला हिस्सा वायर तापवण्यात चाललाय. शिवाय बऱ्याच देशांत ते रस्त्यावर चालतही नाहीत.

"पण उजेड पडत होता," बंड्याचं पालुपद. हे मात्र मान्य करायला हवं, बंड्या हरला तरी शेवटचा शब्द सोडत नाही.

मंद्याने आता वेगळा पत्ता टाकला. "माझ्या गाडीचे बल्ब ओरिजिनल आहेत, इतक्या वर्षांत एकदाही उडाले नाहीत. म्हणजे वायरिंग चांगलंच असणार ना?"

यावर सई जे बोलली ते मला त्या संध्याकाळचं सगळ्यात भारी वाटलं. म्हणाली, "तेच तर दुखणं आहे." फिलामेंटचा बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक असतो. व्होल्टेज ५ टक्के वाढलं तर आयुष्य साधारण अर्धं होतं, ५ टक्के कमी झालं तर दुप्पट. उजेड मात्र उलट चालतो, व्होल्टेज १० टक्के उतरलं की उजेड जवळजवळ ३० टक्के उतरतो. म्हणजे हॅलोजन बल्ब वर्षानुवर्षं उडतच नाही आणि वर उजेड पिवळट मिणमिणता, तर त्याला पोटभर व्होल्टेज मिळत नाहीये असा पहिला संशय घ्यायचा. आणि अशा गाडीत नवा भारी बल्ब टाकला तरी तोही तेवढाच उपाशी. नाना लगेच म्हणाले, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला!"

"मग कसं बघायचं?" मंद्या जरा नरमला होता.

साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू, हेडलाइट चालू, आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजायचं, मग बल्बच्या कपलरवर मागच्या बाजूने पिना टोचून, बल्ब जोडलेला आणि पेटलेला असतानाच. बल्ब काढून मोजलं तर आकडा छान येतो आणि आपण फसतो, कारण करंट वाहत नसेल तर ड्रॉप दिसतच नाही. समजा बॅटरीवर १४ आले आणि बल्बवर १२, तर दोन व्होल्ट रस्त्यात हरवले. कुठे हरवले ते शोधायला बॅटरीच्या मायनसपासून बल्बच्या अर्थच्या (मायनसच्या) वायरपर्यंत वेगळं मोजायचं, आणि प्लसच्या बाजूने वेगळं. बॉडीला जिथे अर्थची वायर स्क्रूने आवळलेली असते तिथे गंज चढलेला असतो, तो घासून परत आवळला की काही वेळा तेवढ्यानेच काम होतं. नाहीतर रिलेवाली वायरिंग किट टाकायची, म्हणजे जाड वायर बॅटरीवरून फ्यूजमधून थेट हेडलाइटला आणि जुना स्विच फक्त रिले चालू-बंद करणार. फ्यूज बॅटरीच्या जवळ असला पाहिजे, हे सईने दोनदा सांगितलं. मधेच वायर घासून बॉडीला टेकली आणि फ्यूज पार पुढे हेडलाइटपाशी असला तर मधली वायर पेटते.

आणि कपलर काढून नीट बघ, ती म्हणाली, तपकिरी पडलाय का, पिना सैल आहेत का. तपकिरी असेल तर नवा टाक, त्यावर नवा बल्ब घालून उपयोग नाही.

एवढं झाल्यावर नानांनी आपलं घोडं पुढे दामटलं. "तुम्ही व्होल्टचं बघताय, पण काच कोणी बघितली का? पिवळी पडलीये त्याची, मी बघतोय ना रोज." आणि ते खरं होतं. काच आपण म्हणतो पण बऱ्याच गाड्यांत ते पॉलिकार्बोनेट असतं, प्लॅस्टिक. वरचा कोटिंगचा थर उन्हाने गेला की धुरकट होतं, मग उजेड पुढे जायच्या ऐवजी काचेतच पसरतो, आपल्याला कमी दिसतं आणि समोरच्याच्या डोळ्यांवर मात्र येतो. खरी काच असलेल्या जुन्या हेडलाइटला हा त्रास नसतो, तिथे आतली धूळ नि ओल बघायची.

बंड्या म्हणाला टूथपेस्ट लाव, चकाचक. नाना म्हणाले चकाचक होते, फार दिवस टिकत नाही. नीट करायचं तर वॉटर पेपर पाणी मारत मारत, ८०० नंबरपासून सुरू करून १५००, २०००, ३००० असं बारीक करत न्यायचं, मग पॉलिश, आणि शेवटी ऊन थोपवणारं यूव्ही क्लिअर कोटिंग. ते शेवटचं लोक विसरतात, कारण पॉलिशनंतर काच नव्यासारखी दिसते आणि वाटतं झालं काम. मूळ थर घासून टाकलेला असतो त्यामुळे कोटिंग नसेल तर पहिल्यापेक्षा लवकर पिवळी.

मंद्या परत एलईडीवर आला. चिवट आहे, आणि त्याचं एक म्हणणं बरोबरही होतं, की बऱ्याच नव्या गाड्यांत एलईडीच असतात आणि मस्त दिसतं. सई म्हणाली त्यात रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्या एलईडीसाठीच बनवलेली असते. तुझा हेडलाइट एका विशिष्ट जागी असलेल्या बारक्या तारेसाठी बनवलाय. एच४ मध्ये दोन फिलामेंट असतात, ५५ वॅटची डिप्परची पुढे आणि ६० ची अप्परची मागे, आणि डिप्परच्या खाली एक छोटी धातूची वाटी असते. ती वाटी रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडूच देत नाही, म्हणून डिप्परला वरची ती कापल्यासारखी सरळ रेघ मिळते. १९७१ पासून हीच रचना आहे. आता एलईडीची पट्टी तारेपेक्षा जाड, चिप दोन्ही कुशींना, जागा मिलिमीटरभर इकडे तिकडे झाली तरी ती रेघ बिघडते आणि उजेड वर उधळतो. समोरचा शिव्या घालतो ते वेगळंच, पण तुलाही फायदा होतोच असं नाही, कारण गाडीच्या नाकासमोर झगझगीत झालं की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. आणि गाडीत बसलेल्याला तर वाटतं, वा काय उजेड आहे!

"सगळेच वाईट असतात का?" मी विचारलं, कारण मलाही ते जरा एकतर्फी वाटत होतं.

नाही म्हणाली. जर्मनीत २०२० पासून काही ठरावीक एलईडी बल्ब रस्त्यावर चालतात, पण फक्त ज्या मॉडेलच्या हेडलाइटमध्ये ते तपासलेत त्याच गाड्यांना, तशी यादीच असते. तोच बल्ब यादीबाहेरच्या गाडीत बेकायदा. यावरून काय ते समज. शिवाय तिथे कायदा काय म्हणतो तो तिथला प्रश्न, आपण जिथे गाडी चालवतो तिथला नियम आधी बघायचा. मंद्याचं समाधान झालं नाही, त्याच्या मते प्रोजेक्टर (पुढे भिंग असलेला हेडलाइट) असलेल्या गाडीत तरी चालायला हवं, आणि त्यावर दोघांचं बराच वेळ जुंपलं. सईचं म्हणणं, प्रोजेक्टरमध्ये पडदा असतो म्हणून रेघ बरी येते पण उजेडाचा मधला झोत लांब जाईलच याची खात्री नाही. हे काही मिटलं नाही. मंद्याच्या गाडीत प्रोजेक्टर नाहीच त्यामुळे ते भांडण निव्वळ तत्त्वाचं होतं.

मग घ्यायचा कुठला? इथे तिघांचं आश्चर्यकारकरीत्या एकमत झालं (बंड्या सोडून). साधा ६०/५५ वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा, बल्बच्या पट्टीवर मंजुरीचा ई चा शिक्का असलेला. ते "१३० टक्के जास्त उजेड"वाले असतात ते खोटे नसतात, पण टक्के रस्त्यावरच्या एखाद्या ठिकाणी मोजलेले असतात, एकूण उजेड तितका वाढत नाही. फिलामेंट जास्त तापवलेली आणि बारकाईने आखलेली, म्हणून आयुष्य कमी. रात्री खूप चालवत असशील आणि बल्ब वारंवार बदलायचा कंटाळा नसेल तर घे. निळसर काचेचे मात्र घेऊ नको, ती निळी छटा म्हणजे गाळणी, पिवळा-लाल उजेड अडवून पांढरं दाखवते, अडवलेला उजेड गेलाच की. नानांना पिवळे आवडतात, धुक्यात चिरत जातात म्हणे. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे होते हे ते आवर्जून सांगतात. सई म्हणते धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरीपेक्षा खूप मोठे असतात, त्यांना रंगाने फारसा फरक पडत नाही. यावर नानांनी फक्त मान हलवली, पटलं म्हणून की पुरे म्हणून ते सांगता येत नाही.

बसवायचं काम सोपं, पण घाई नको. लाइट बंद, बल्ब थंड होऊ दे, कपलर सरळ मागे ओढ (वायर धरून नाही), मागची रबरी टोपी काढ, स्प्रिंगची क्लिप दाबून सोडव. एच४ ला तीन कान असतात, सारखे नसतात, त्यामुळे एकाच पद्धतीने बसतो. बसत नसेल तर दाबू नको, फिरवून बघ. काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल राहिलं की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर अल्कोहोलने पुसून वाळू दे. रबरी टोपी नीट चहूबाजूंनी बसली पाहिजे नाहीतर आत ओल.

आणि मग फोकस. हे कोणी करत नाही. सपाट जागा, टायरमध्ये हवा बरोबर, चालकाच्या जागी कोणीतरी बसलेलं, हेडलाइटच्या उंचीचं बटण शून्यावर, भिंतीपासून पाच मीटर. हेडलाइटवर किंवा आसपास बहुतेक १ किंवा १.२ टक्के असं छापलेलं असतं, म्हणजे झोत किती उतरता हवा ते, १ टक्का असेल तर डिप्परची रेघ भिंतीवर दिव्याच्या मध्यापेक्षा ५ सेंटिमीटर खाली आली पाहिजे. जास्त खाली असेल तर तुला दिसणार नाही, वर असेल तर दुसऱ्याला.

"आणि दोन्ही का बदलायचे? एकच उडाला तर?" बंड्याला शेवटचा प्रश्न राहिला होता.

दोन्ही एकाच वयाचे, एक गेला की दुसराही टेकीला आलेला असतो, आणि तोवर एक डोळा पांढरा एक पिवळा. चालू असलेला जुना फेकायचा नाही, डिकीत ठेवायचा. नवे बल्ब सारखे उडत असतील तर मात्र अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) बघायचा, बॅटरीवर १५ व्होल्टच्या आसपास येत असेल तर बल्बचा दोष नाही.

शेवटी ठरलं असं की बल्ब मंद्या आणणार, मीटर सई आणणार. साधेच आणायचे हेही कबूल झालं. फक्त सईने एक अट घातली, मोजून झाल्याशिवाय बल्बचं खोकं उघडायचं नाही. बंड्या म्हणाला मोजताना मीही येतो, माझ्या गाडीचंही बघून घे जाता जाता, हल्ली लाइट लावला की डॅशबोर्डखालून जळका वास येतो.