मण्यार म्हणजे मण्यार, एवढं सोपं नाही

सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय. तिचा सारांश असा: सापांच्या 'नव्या प्रजाती' हे थोतांड आहे, जुनाच साप धरायचा, डीएनएचा आकडा दाखवायचा, नाव ठेवायचं आणि मिरवायचं, साप ओळखायला सर्पमित्राची नजर पुरे, आणि नाव काहीही ठेवा, विष तेच, लस तीच. हे शेवटचं वाक्य नसतं तर उत्तर द्यायच्या भानगडीत मी पडलो नसतो.

'जुनाच साप' हे खरंच आहे. साप काल जन्मला असं कोणी म्हणतच नाही. हरणटोळ घ्या. भारतात आणि श्रीलंकेत वर्षानुवर्षं 'अहेटुला नासुटा' हे एकच नाव चाललं. 2020 मध्ये पश्चिम घाटातल्या नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा ते नाव श्रीलंकेपुरतं उरलं आणि घाटातले चार हरणटोळ वेगळे निघाले. मैदानी भारतातल्या हरणटोळाला तर नवं नाव मिळालंच नाही. 19व्या शतकातलं, अडगळीत पडलेलं नाव त्याला परत दिलं गेलं. मिरवायचं असतं तर असं कोणी केलं असतं का?

डीएनएत अमुक टक्के फरक दिसला की नवी प्रजाती, असा नियम नाही. बहुतेकदा आधी मायटोकॉन्ड्रियातले, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या कणांतले, जीन वाचतात. ते फक्त आईकडून येतात, एकट्या त्यांच्यावर विसंबलं तर फसगत होते. म्हणून पेशीकेंद्रातले जीनही पाहतात आणि शरीराची मोजमापंही घेतात. नाव वैध ठरायला डीएनए लागतच नाही. लागतं ते रीतसर प्रसिद्ध झालेलं वर्णन आणि पुढे कोणालाही ताडून पाहता येईल असा जपलेला नमुना. घाईत, तोकड्या पुराव्यावर ठेवलेली नावं आहेत, हे मान्य. पण ती खोडून काढतात तेही शास्त्रज्ञच.

कोयनेच्या 'बोइगा ठाकरेई'वरून पोस्टमध्ये टोमणा आहे. 2019 मध्ये त्या मांजऱ्या सापाला तेजस ठाकरेंचं नाव दिलं, ते त्यांनी तो शोधला म्हणून. नाव आवडो न आवडो, सापाचे खवले त्याने बदलत नाहीत.

आता नजर. सर्पमित्रांबद्दल मला आदर आहे, पण सापाचा रंग हा फार बेभरवशाचा साक्षीदार. मण्यारसारख्या दिसणाऱ्या बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारचं उलटं, हे आपण शिकवतो. मात्र पट्टेच नसलेला मण्यारही सापडतो. मग पाठीच्या मधोमध असलेले मोठे षटकोनी खवले बघावे लागतात. त्याहून महत्त्वाचं, अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी तिरप्या मोजाव्या लागतात. साप हातात नसला तरी चालतं, टाकलेल्या कातीवरही त्या मोजता येतात. साध्या मण्यारला सहसा 15 ओळी असतात. पश्चिम भारतात 17 ओळींचे मण्यारही आहेत. ते सिंध मण्यार या दुसऱ्या प्रजातीची उपजात आहेत, असं मानलं जायचं. 2021 मध्ये जनुकीय तपासणी झाली आणि ते पाकिस्तानातल्या सिंध मण्यारशी जवळजवळ एकरूप निघाले. त्याच अभ्यासात दक्षिण भारतातून 'बंगारस रोम्युलसाय' ही नवी प्रजाती समोर आली.

'विष तेच, लस तीच' इथेच कोसळतं. साधा मण्यार, सिंध मण्यार आणि रोम्युलसाय या तिघांची विषं परस्परांपेक्षा पार वेगळी निघाली. आपल्याकडची लस चार सापांच्या विषावर बनते: नाग, घोणस, फुरसे आणि साधा मण्यार. बाकीच्या दोन मण्यारांच्या विषापुढे ती प्रयोगशाळेत तोकडी पडली. रानातल्या वस्तीवर जमिनीवर झोपणाऱ्याला रात्री चावतो तो बहुतेकदा मण्यारच. तो नेमका कोणता, हे ठाऊक नसेल तर लस सुधारायची कुठल्या विषावर?

यातून 'लस घेऊन उपयोग नाही' असा अर्थ कोणी काढू नये. दंश झाला की साप शोधत बसू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. थेट सिव्हिल गाठा. मण्यारच्या विषाने श्वास बंद पडतो, तेव्हा लशीबरोबर व्हेंटिलेटरही लागतो.