मिशिगनचा तो पराभव नशिबाने झाला नव्हता

१ सप्टेंबर २००७ रोजी अमेरिकन फुटबॉलच्या हंगामातील पहिल्याच सामन्यात मिशिगन विद्यापीठाचा संघ ॲपलेशियन स्टेट विद्यापीठाकडून ३४-३२ असा हरला, तो 'निव्वळ नशिबाचा खेळ' होता, हे त्या सामन्यावरील लेखातील विधान मला पटले नाही. देशात पाचव्या क्रमांकावरील संघाला खालच्या विभागातील संघाने हरवले, हा धक्का मोठा होता खरा. परंतु ॲपलेशियन स्टेटने आपल्या विभागाचे विजेतेपद २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षे पटकावले होते, आणि त्यांचा क्वार्टरबॅक (चढाईचे नेतृत्व करणारा खेळाडू) आर्मान्टी एडवर्ड्सच्या चपळाईपुढे आमचा, म्हणजे मिशिगनचा, बचाव इतका उघडा पडला की मध्यंतरालाच आम्ही २८-१७ असे मागे होतो.

मी तेव्हा ॲन आर्बरमध्ये, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावी, शिकत होतो आणि लाखाहून अधिक प्रेक्षकांच्या त्या गर्दीत बसलो होतो ('पहिला सामना म्हणजे सोपा पेपर', असे सांगूनच मित्राने मला नेले होते). अखेरच्या क्षणी अडवल्या गेलेल्या आमच्या फील्ड गोलविषयी (चेंडू लाथेने खांबांमधून मारून तीन गुण मिळवण्याच्या प्रयत्नाविषयी) सगळेच बोलतात. मात्र टचडाउननंतर (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेल्यानंतर) जादा दोन गुण मिळवण्याचे आमचे दोन्ही प्रयत्न वाया गेले होते, याचा लेखात उल्लेखही नाही.